कराचीहून आणलेला हट्ट

बातमी घेऊन प्रेमजीभाई आले तेव्हा मी सातवीच्या वर्गात व्यापारी वारे शिकवत होते. प्रेमजीभाई म्हणजे माझ्या दादाचे धंद्यातले भागीदार, घाटकोपरचे कच्छी गृहस्थ. मुलुंडच्या आमच्या शाळेत ते त्याआधी कधीच आले नव्हते. दारात उभे राहिले ते टोपी हातात धरून. डोक्यावर टोपी नसलेले प्रेमजीभाई मी आजवर पाहिलेच नव्हते, त्यामुळे मी खडू खाली ठेवला. "शालूबेन, चला," एवढंच ते म्हणाले. टॅक्सीत बसल्यावर मी विचारलं, "दादाला जास्त आहे का?" ते बाहेर बघत म्हणाले, "सकाळी डॉक्टरशी भांडला. डॉक्टर बोलला, बोलू नको. तर हा बोलतो, मग जगू कशाला? मला वाटला, भांडतो म्हणजे आता बरा होणार..." त्यांनी टोपी डोळ्यांवर धरली, आणि मला पुढचं विचारावं लागलं नाही.

माझा दादा, दत्तात्रेय माईणकर, पन्नाशी गाठायच्या आत हृदयविकाराने गेला, त्याला आता दीड महिना होऊन गेला. घाटकोपरच्या व्यापाऱ्यांच्या संघाने त्याच्यासाठी शोकसभा घेतली. अध्यक्ष चांगलं बोलले. म्हणाले, "माईणकर मोठे स्वप्नाळू होते. हिंदुस्थान-पाकिस्तानचा पैसा पुन्हा एक व्हावा असं वेडं स्वप्न त्यांनी पाहिलं." लोकांनी हळहळून माना डोलावल्या. याच संघाने चार वर्षांपूर्वी त्याला काढून टाकलं होतं, त्याच सभागृहात, त्याच टेबलामागून. मला त्यावर रडू आलं नाही, राग आला. हे लिहायला बसले आहे तेही त्या रागातच. माझा भाऊ स्वप्नाळू नव्हता. पानांचा व्यापार करणाऱ्या माणसाला स्वप्नं परवडत नाहीत, त्याचा माल दोन दिवसांत पिवळा पडतो.

आम्ही कराचीचे. कराचीत मराठी माणसं होती हे आता इथे सांगावं लागतं, आणि सांगितलं तरी लोकांना खरं वाटत नाही. आमचे वडील तिथल्या मराठी शाळेत मास्तर होते. दादा शिकून एका अडत्याच्या पेढीत लागला. मी लहान असताना तो मला बंदरावर घेऊन जायचा. मुंबईची बोट लागली की पानांच्या करंड्या, नारळ, केळी उतरायची आणि त्याच बोटीत खारीक, सैंधव आणि कापूस चढायचा. करंड्या उघडल्या की ओल्या पानांचा वास धक्क्यावर पसरायचा. दादा एक पान उचलून माझ्या नाकाशी धरायचा आणि म्हणायचा, "हे वसईचं. परवा वेलावर होतं." मला तेव्हा वसई म्हणजे कराचीचीच एखादी पेठ वाटायची. व्यापार एकाच रुपयात व्हायचा, भाषा कुठलीही असो.

मग फाळणी झाली. आई-वडील आधीच गेले होते, ते एका अर्थी सुटले. दादा, मालतीवहिनी आणि मी, आम्ही तिघं बोटीने मुंबईला आलो आणि मुलुंडला दोन खोल्यांत संसार मांडला. सुरुवातीचे काही महिने दोन्ही देशांचा रुपया तसा एकच होता. मग तिकडच्या नोटांवर पाकिस्तान सरकारची एक ओळ छापली गेली, आणि त्या नोटा इथे चालेनाशा झाल्या. आमच्या गल्लीत एक सिंधी आजी मागाहून आल्या होत्या. त्या पिठासाठी वाण्याकडे गेल्या तेव्हा दादा दुकानातच होता. वाण्याने नोट उजेडात धरली, परत दिली आणि म्हणाला, "माई, नोट खरी आहे, पण इथली नाही." आजी त्या नोटेकडे बघत राहिल्या. पीठ दादाने त्यांच्या घरी पोचवलं. घरी आला तो जेवेना. "शाले," म्हणाला, "कागद तोच, रंग तोच, राजाचं तोंड तेच. दोन देश झाले तर दोन पैसे होणारच, त्याला माझी ना नाही. पण मध्ये बसून कुणी एवढंसुद्धा ठरवू नये, की या म्हातारीने आपलं पीठ घ्यायचं कसं?"

त्याच्या पुढच्या सगळ्या बोलण्याचं मूळ तिथे आहे. तो हे बोलला तेव्हा मी समोर होते, म्हणून ठामपणे सांगते.

प्रेमजीभाईही कराचीचेच. दोघांनी मिळून घाटकोपरला एक लहानशी पेढी काढली. वसईच्या मळ्यांतली पानं कराचीला पाठवायची, तिकडून खारीक आणि सैंधव आणायचं. धंदा जेमतेम उभा राहतोय तोच आपल्या सरकारने पौंडाबरोबर रुपयाची किंमत उतरवली, आणि पाकिस्तानने उतरवली नाही. ते म्हणाले, आमचा रुपया आता तुमच्यापेक्षा महाग. आपण म्हणालो, आम्ही मानत नाही. दोन्हीकडचे मोठे लोक आपापल्या खुर्च्यांत ताठ बसले आणि व्यापार बंद पडला. आमच्या पेढीतल्या करंड्या तशाच राहिल्या. प्रेमजीभाई एकेक उघडायचे, वास घ्यायचे आणि झाकण पुन्हा लावायचे. कुजलेल्या पानाला एक गोडसर घाण वास येतो. दोन दिवस तो कपड्यांतून गेला नाही.

दुसरा कुणी असता तर त्याने वसईला निरोप धाडला असता. दादा स्वतः गेला. मळेवाल्यांना गोळा करून म्हणाला, "माझ्याकडून पुढचा माल उचलला जाणार नाही. दोन सरकारांचं भांडण आहे, कधी मिटेल ठाऊक नाही." अंतोनबाबा नावाचा एक म्हातारा मळेवाला होता. तो शांतपणे म्हणाला, "शेट, वेलाला भांडण कलत नाय. परवा परत पानं येतील. त्यांचं काय करू?" दादा मुंबईला परतला आणि दुसऱ्या दिवशीपासून सायकलला करंडी बांधून अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या पानवाल्यांकडे फिरू लागला. कोट-टोपी घालून. त्याच मळ्यांची पानं, मिळेल त्या भावाने. गोरेगावला एका ओळखीच्या माणसाने त्याला हटकलं, "माईणकर, ही काय वेळ आली? लाज नाही वाटत?" दादा म्हणाला, "पानं मी आधीही विकत होतो. मधे समुद्र होता, एवढंच." वर्षभरापेक्षा जास्त काळ त्याने हे केलं. मग दोन्ही सरकारांचा समेट झाला आणि बोटी पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा वसईच्या एकाही मळेवाल्याने दुसऱ्या अडत्याला माल दिला नाही.

सगळ्यांना वाटलं, सुटलो. दादाला तसं वाटेना. तो म्हणायचा, "हे पुन्हा होणार. भाव कुणी, कधी, कसा बदलायचा हे दोघांनी बसून ठरवलेलंच नाही. एकाने उठून काही करायचं आणि दुसऱ्याने तोंड फिरवायचं, असं किती दिवस चालेल?" संध्याकाळी तो वाचनालयात बसू लागला. मिळेल ते अर्थशास्त्राचं पुस्तक वाचायचा, युरोपातल्या बातम्या वाचायचा. काल-परवापर्यंत एकमेकांची गावं जाळणारे देश तिथे कोळसा आणि पोलाद एकत्र करायला बसले होते. ते वाचून तो इतका चिडायचा की जणू त्यांनी आमच्या घरातली कल्पना चोरली होती.

त्याचं म्हणणं नेमकं काय होतं ते सांगते, कारण त्याच्या नावावर नाही नाही ते खपवलं गेलं. दोन देश पुन्हा एक करा असं तो कधीही म्हणाला नाही. उद्यापासून पैसा एक करा, असंही नाही. एकदा वहिनी आमटीला फोडणी देत होती आणि तो दारात उभा राहून तिला समजावत होता. "चूल एक करायची म्हटलं तर आधी ठरवायला हवं, बाजारात कोण जाणार, किती आणणार, एक आजारी पडला तर दुसऱ्याने काय करायचं. ते ठरायला वर्षं जातील. तोवर चुली वेगळ्याच बऱ्या. पण तोवर पळीभर आमटी तरी इकडून तिकडे जाऊ दे. हातांना सवय राहील."

वहिनी मागे न वळता म्हणाली, "आणि त्यांनी भांडं परत केलं नाही तर?"

"तर मागायला जायचं. दार वाजवायला निमित्त तरी राहील."

"अहो, मी जाईन मागायला," वहिनी म्हणाली, "तुम्ही गेलात तर भांडं विसरून तिथेच गप्पा मारत बसाल."

हेच सगळं तो संघाच्या सभेत बोलायला उभा राहिला. मी आणि वहिनी मागच्या रांगेत होतो, बायका आम्ही दोघीच. दादाने मुद्देसूद सांगितलं. दोन्ही देशांनी पैशाची किंमत बदलण्याआधी एकमेकांना विचारावं, जकातीचे दर मिळून ठरवावेत, देण्याघेण्याची तोंडमिळवणी करायला एक सामाईक पेढी असावी, आणि हे सगळं नीट चाललं, दोघांचा एकमेकांवर विश्वास बसला, तर आपल्या मुलांच्या काळात पैसा एक करण्याचा विचार व्हावा. शेवटचं वाक्य पुरं व्हायच्या आत सुताचा एक व्यापारी उठून ओरडला, "एवढं प्रेम असेल तर पाकिस्तानात जा!" मागून आणखी चार-पाच आवाज आले. कुणीतरी बाक आपटलं.

दादा खाली बसला नाही. आरडाओरडा ओसरेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "मी तिथूनच आलोय. घर सोडून आलोय, बापाची शाळा सोडून आलोय, आईची राख ज्या पाण्यात सोडली ते पाणी सोडून आलोय. द्वेष करायचा हक्क या खोलीत कुणाला असेल तर तो मला आहे आणि त्या प्रेमजीभाईंना आहे. आम्ही तो वापरत नाही. तुम्ही काय सोडलंत, ते सांगा, मग मी बसतो."

 तो बसलाच नाही. टोपी घालून आमच्याकडे आला आणि म्हणाला, "चला, भूक लागली."

त्या आठवड्यात संघाने त्याला माफी मागायला सांगितलं. त्याने नकार दिला तसं त्याचं सभासदत्व काढून घेतलं. आमच्या दारावर कुणीतरी डांबराने 'पाकिस्तानी' असं लिहिलं, तेही ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीसकट. घरमालक पुसायला माणूस घेऊन आला, तर वहिनी दारात आडवी उभी राहिली. "पुसायचं नाही. ज्याने लिहिलं त्याने येऊन पुसावं, निदान शुद्धलेखन तरी सुधारून जावं." ती रोज सकाळी त्या दारापुढे रांगोळी घालायची, नेहमीपेक्षा मोठी. शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, त्या घाबरल्या होत्या. म्हणाल्या, "पालक विचारतात हो. भावाला जरा समजावून सांगा ना." मी म्हटलं, "बाई, मी इथे भूगोल शिकवायला आहे. भावाला शिकवायचा पगार मला मिळत नाही." त्या हसल्या नाहीत, पण पुन्हा विचारलंही नाही.

प्रेमजीभाईंच्या मुलांनी बापामागे टुमणं लावलं, की पेढीच्या पाटीवरून माईणकरांचं नाव काढा, गिऱ्हाईक तुटतंय. प्रेमजीभाई त्यांना म्हणाले, "नाम काढायचा असेल तर पूर्ण पाटी काढा. मी अर्धी पाटीखाली बसणार नाय." पाटी आजही तशीच आहे.

पुढे एक गंमत झाली. गंमत आपली म्हणायची. तिकडच्या जकातीमुळे संघातल्याच काही लोकांचा माल अडकला. सरकारदरबारी जाऊन गाऱ्हाणं घालायला माणूस हवा होता, आणि तो विषय पुरता जाणणारा एकच माणूस घाटकोपर-मुलुंडमध्ये होता. अध्यक्ष स्वतः आमच्या घरी आले. डांबराच्या अक्षरांकडे न बघता आत आले, चहा घेतला. "माईणकर, तुम्ही आमच्यातर्फे बोला. जकातीचं तेवढं बोला. ते पैसा एक करण्याचं प्रकरण मात्र गाळा."

दादाने कप खाली ठेवला. "तुमचा माल आज सुटेल, पुढच्या वर्षी पुन्हा अडकेल. का अडकतो ते मी सांगायचं नाही, आणि फक्त सोडवा म्हणायचं?"

"अहो, हट्ट कशाला करता? तुमचंही सभासदत्व परत..."

"ते राहू द्या. मी सगळं बोलेन, नाहीतर तुमच्यातर्फे बोलणार नाही."

अध्यक्ष गेले. संघाची मंडळी त्याच्याशिवाय फोर्टातल्या सरकारी कचेरीत जाऊन आली. मग दादा प्रेमजीभाईंना घेऊन आपला आपण गेला. कुणी बोलावलं नव्हतं, दोन फेऱ्या फुकट गेल्या, तिसऱ्या खेपेस एका तरुण अधिकाऱ्याने आत घेतलं. प्रेमजीभाई मला नेहमी सांगतात, तो मुलगा चांगला होता, सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "तुमचं बरोबर असेलही, पण हे तुमच्या-माझ्या हयातीत होणारं नाही." दादा म्हणाला, "मग तर आजच सुरू करायला हवं. उशीर लागणारी कामं तुम्ही उद्यावर टाकता आणि वर म्हणता, तयारी नाही."

पुढे काय झालं? काही झालं नाही. खोटं कशाला सांगू? व्यापार वाढला नाही, आटत गेला. पेढीला परवाना मिळायचा तो कमी-कमी होत गेला, आणि दादाच्या शेवटच्या वर्षी मिळालाच नाही. पेढी आता पानं नागपूरला पाठवते, कराचीला नाही. सुताचे व्यापारी म्हणतील, पाहा, आम्ही सांगत नव्हतो? त्यांना माझं एवढंच म्हणणं आहे, की न झालेली गोष्ट चुकीचीच असते हे तुम्हाला कुणी शिकवलं? गेल्या वर्षी आणे जाऊन नवे पैसे आले. त्याआधी किती ओरड झाली होती! लोकांना जमणार नाही, बायका बाजारात फसतील, देश अजून तयार नाही. आज मुलुंडच्या बाजारातली भाजीवाली मला नव्या पैशांत भाव सांगते आणि मीच मनातल्या मनात आणे मोजत बसते. हे दादाला सांगितलं तेव्हा तो टाळी देऊन हसला होता. "बघ शाले, तयारी कधी आधी होत नसते. ठरवलं की होते."

संघाने काढून टाकल्यावर त्याला सभागृह कुणी देईना, तेव्हा त्याने आमच्या पुढच्या खोलीत दर रविवारी सकाळी बैठक सुरू केली होती. कुणीही यावं, काहीही विचारावं. सुरुवातीला प्रेमजीभाई आणि समोरचा सिंधी शिंपी, दोघेच. मग जकात खात्यातले एक कारकून येऊ लागले, ते आधी गल्लीच्या दोन्ही टोकांना बघून मगच आत शिरायचे. मग कॉलेजातली तीन-चार मुलं-मुली आली. एकदा अंतोनबाबा वसईहून पानं घेऊन आला आणि दिवसभर ऐकत बसला. चहाची चौथी फेरी झाली की वहिनी आतून ओरडायची, "आता तरी झाला का तुमचा रुपया एक? दूध संपलं!"

दादा गेल्यानंतरचे दोन रविवार सुतकात आणि दिवसकार्यात गेले. तिसऱ्या रविवारी सकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. बाहेर चपला काढल्याचे आवाज आले. मी जाऊन पाहिलं तर सगळे आले होते, शिंपी, कारकून, कॉलेजची मुलं, प्रेमजीभाई, आणि आणखी दोघे-तिघे, जे पूर्वी कधी आले नव्हते. भिंतीला टेकून बसले होते. दादाची जागा सोडून. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मला वाटलं, थोडा वेळ बसतील, जातील... आणि मग आपण ही खोली पुन्हा नुसती खोली म्हणून वापरायला लागू.

तेवढ्यात वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली. त्या रिकाम्या जागेकडे तिने एकदा पाहिलं आणि सरळ जाऊन तिथे बसली. इतकी वर्षं जिने आतून टोमणे मारले, ती पहिल्यांदाच त्या बैठकीत बसत होती. सगळ्यांवरून नजर फिरवून तिने कारकुनांना विचारलं, "हं. मागच्या वेळी जकातीवर तुम्ही काहीतरी म्हणालात आणि ह्यांनी ते मान्य केलं नव्हतं. पुन्हा सांगा. मला तेव्हा आतून नीट ऐकू आलं नव्हतं."

कारकुनांनी घसा खाकरला आणि सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली नाहीत तोच वहिनीने त्यांना अडवलं, "थांबा, हे मला पटत नाही."

बैठक दर रविवारी भरते. ज्यांना ओरडायचं असेल त्यांनीही यावं. चटया पुरेशा आहेत, आणि चहा वहिनी आता मला करायला लावते.